चार पानांतील ज्ञान : एक परामर्श

आपल्या वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार काव्य, नाटक, कादंबरी व निबंध यांना स्वतंत्र प्रकरणे देतात. चरित्रे व शास्त्रीय ग्रंथ यांच्याही वाट्याला एखादे प्रकरण येते. परंतु एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र, इतिहासातील एखादा प्रसंग अथवा सृष्टीतील एखादा व्यापार दोन-चार पानांत सामान्य वाचकास समजावून सांगणारा जो छोटा लेख, त्याची बोळवण बहुधा एका वाक्यात होते. त्याचे नावसुद्धा अद्याप निश्चित झालेले नाही. कोणी त्यास माहितीपर लेख म्हणतो, कोणी सुबोध लेख म्हणतो, तर कोणी बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकून मोकळा होतो. सोयीसाठी मी त्यास येथे 'ज्ञानलेख' म्हणणार आहे.

या उपेक्षेचे कारण उघड आहे. लहान वस्तू करावयास सोपी असते, असा आपला समज असतो. आणि जे सोपे त्याची समीक्षा कशाला करावयाची? तथापि वाचकाने स्वतःपुरती क्षणभर चौकशी करून पाहावी. गॅलिलिओ कोण होता, ग्रहण कसे लागते, सीताबर्डीची लढाई कोणामध्ये झाली, हे आपणांस प्रथम कोठे कळले? मोठा ग्रंथ वाचून कळले असे म्हणणारे शंभरात दोन-चार निघतील. उरलेल्यांना ते क्रमिक पुस्तकातील धड्यातून, मासिकातील पानातून, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतून, किंवा अलीकडे सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर येणाऱ्या दहा ओळींतून कळलेले असते. महाराष्ट्राने डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड निर्माण केले; त्या कार्याचा प्रारंभ आमच्या नागपुरासच झाला, याचा आम्हांस अभिमान आहे. पण ते खंड ग्रंथालयाच्या कपाटात असतात आणि चार पाने माणसाच्या हातात असतात. बहुसंख्य वाचकांच्या दृष्टीने ती चार पाने हाच त्या विषयावरील पहिला आणि शेवटचा ग्रंथ होय. तेव्हा ती लिहिणाराचे उत्तरदायित्व मोठ्या ग्रंथकाराहून कमी तर नाहीच, उलट काहीसे अधिक आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आपल्याकडे हा प्रकार मुद्रणाइतकाच जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. पुढे १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवर मराठीत सोपे लेख देणे हाच त्या मासिकाचा मुख्य हेतू होता. विचार करण्यासारखी गोष्ट ही की, त्या वेळी या विषयांवरील परिभाषा तयार नव्हती, आणि असा लेख वाचण्याची सवय असलेला वाचकही तयार नव्हता. जांभेकरांना दोन्ही एकाच वेळी घडवावे लागले. लेख लहान असणे हा त्या प्रसंगी केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. अनोळखी पाण्यात उतरणाऱ्यास प्रथम गुडघाभर पाणीच दाखवावे लागते.

परंतु या प्रकाराला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, ते म्हणजे विनायक कोंडदेव ओक. यांचा जन्म १८४० साली रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी झाला. शिक्षणखात्यात त्यांनी नोकरी केली, आणि १८८१ साली 'बालबोध' नावाचे मासिक मुलांसाठी काढले. त्याची आखणी ठरलेली असे : एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय, आणि शिवाय काही किरकोळ मजकूर. १९१४ साली ओक निवर्तले तोपर्यंत त्यांनी या मासिकात ४०२ चरित्रे, ४०२ कविता, ४०२ निबंध, ४०२ शास्त्रीय लेख आणि इतर विषयांवरील ८५० लेख लिहिले, अशी नोंद आहे. महिन्यास एक या हिशेबाने ४०२ म्हणजे साडेतेहतीस वर्षे झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ पासून सात वर्षे चालली व तिचे ८४ अंक निघाले. तिच्यावर आजवर किती लिहिले गेले हे सर्वांस ठाऊक आहे. निबंधमालेने लोकांची मने हलविली, त्यामुळे ते योग्यच झाले. पण तीन दशकांहून अधिक काळ, महिन्याच्या महिन्यास, एक चरित्र व एक शास्त्रीय विषय मुलांच्या हाती देत राहणाऱ्या माणसाविषयी आपण दोन ओळींवर समाधान मानावे, हे मात्र योग्य नव्हे.

ओकांविषयी हा आदर व्यक्त केल्यानंतर त्यांच्या परंपरेतील उणीवही सांगितली पाहिजे. नाही तर ही समीक्षा न होता सत्कार होईल. 'बालबोध' हे नावच पाहावे. त्या काळच्या लघुचरित्राचा हेतू बोध करणे हा असे. चरित्रनायक गरिबीत जन्मतो, दिव्याखाली अभ्यास करतो, सत्याने वागतो आणि मोठा होतो. सबब मुलांनो, तुम्हीही तसेच वागा. शास्त्रीय लेखाचा हेतू सृष्टीतील चमत्कार दाखवून मन थक्क करणे हा असे. दोन्ही हेतू चांगले आहेत. पण दोन्हींमध्ये ज्ञान हे तयार स्थितीत वाचकापुढे येते. पृथ्वीपासून सूर्य किती दूर आहे हे सांगितले जाते. ते अंतर मोजले कसे, हे बहुधा राहून जाते. ओकांचा वाचक बारा-चौदा वर्षांचा होता, आणि त्याच्यापुढे याखेरीज दुसरे वाचन फारसे नव्हते. हे लक्षात घेता दोष ओकांच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो आपला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, विद्यापीठे निघाली, वाचक प्रौढ झाला, तरी आपला ज्ञानलेख अद्याप त्याच साच्यात ओतला जातो. त्या साच्यातील जिव्हाळा तेवढा आटला आहे. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तिकांत थोर पुरुषांची जी चरित्रे येतात त्यांत बोधही नसतो. जन्म, मृत्यू, ग्रंथ, पदव्या, असा नुसता जमाखर्च असतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लहान लेख आणि संक्षेप या दोन भिन्न वस्तू आहेत. संक्षेप करणारा मोठ्या ग्रंथापुढे बसतो आणि एकेक गोष्ट गाळीत जातो. शेवटी हाडे उरतात. लहान लेख लिहिणारा एकच गोष्ट निवडतो आणि ती पुरी करतो. इंग्रजी वाङ्मयात याची जी उत्तम उदाहरणे आहेत ती आमच्या पिढीला महाविद्यालयात वाचावयास मिळाली. मायकेल फॅरडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार पुढे जगन्मान्य शास्त्रज्ञ झाला. त्याने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय काय, तर एक मेणबत्ती. मेण वर कसे चढते, ज्योतीचा आतला भाग काळसर का दिसतो, जळताना पाणी कोठून निर्माण होते, असे विचारीत आणि प्रत्येक गोष्ट समोर करून दाखवीत तो अखेर आपल्या श्वासोच्छ्वासापर्यंत येऊन पोहोचतो. टॉमस हक्स्लेने १८६८ साली नॉर्विच येथील कामकऱ्यांपुढे व्याख्यान दिले ते खडूच्या तुकड्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली खडूत अतिसूक्ष्म शिंपले दिसतात. अटलांटिक महासागराच्या तळाचा गाळ वर काढला तेव्हा त्यातही तसेच शिंपले सापडले. यावरून ज्या भूमीवर ते श्रोते बसले होते ती एके काळी समुद्राचा तळ होती, हे त्याने त्यांच्याकडूनच वदवून घेतल्यासारखे सिद्ध केले. या दोघांनी रसायनशास्त्राचा किंवा भूगर्भशास्त्राचा संक्षेप केला नाही. त्यांनी एक वस्तू हातात घेतली आणि ज्ञान होते कसे, हे दाखविले.

हे परदेशातच घडते असे कोणी समजू नये. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे ओकांप्रमाणेच रत्नागिरी जिल्ह्यातील. मुरुड हे त्यांचे गाव. मॅट्रिकपलीकडे त्यांचे शिक्षण झाले नाही; शिक्षकाचा पेशा त्यांनी पत्करला. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. त्याच दीक्षितांनी सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले, आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे जोडनाव दिले. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. जेवणानंतर अंगणात उभे राहून आकाश पाहण्यास लागणारा हा वेळ आहे. या नावातच ज्ञानलेखाची सारी नीती आली आहे असे मला वाटते. वाचकाचा वेळ थोडा आहे हे लेखकास मान्य आहे. त्याने मौज कबूल केली आहे. आणि मौज कोठे आहे, तर पुस्तकातल्या शब्दांत नसून डोक्यावरच्या ताऱ्यांत आहे. असे लिहिण्याचा अधिकार दीक्षितांना कशाने मिळाला? ज्याने जुन्या सिद्धांतग्रंथांतील गणिते स्वतः करून पाहिली होती, त्यालाच दोन घटकांत काय सांगावे आणि काय ठेवून द्यावे हे ठरविता आले. उथळ पाणी आणि खोल विहिरीतून काढलेले कळशीभर पाणी, दोन्ही मापाने सारखीच भरतील. पण त्यांची चव वेगळी.

दुसऱ्यांच्या लेखांविषयी हे जे मी लिहीत आहे, त्याची शिकवण मला माझ्याच एका चुकीतून मिळाली. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी भास्कराचार्यांवर चार पाने लिहून दिली होती. इतरांप्रमाणे मीही त्यात लीलावतीची कथा रंगवून सांगितली : मुलीच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी ठेवलेले घटिकापात्र, त्यात तिच्या अलंकारातील गळून पडलेला मोती, चुकलेला मुहूर्त, आणि तिचे नाव अमर करण्यासाठी पित्याने लिहिलेला ग्रंथ. लेख लोकांना आवडला. पुढे पहिल्या वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने तो वाचल्याचे सांगितले आणि विचारले, "सर, हे आपल्याला कळले कसे? भास्कराचार्यांनी लिहून ठेवले आहे का?" प्रश्न विचारण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. मला उत्तर देता आले नाही. इंग्रजी शिकविणाऱ्या माणसास गणिताचा इतिहास माहीत नसणे क्षम्य असेल. पण माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्याच्या स्वरात छापणे क्षम्य नाही. त्या रात्री मी जरा ओशाळूनच घरी आलो आणि शोधास लागलो.

जे हाती आले ते असे. भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाल्याचे व छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचल्याचे स्वतःच सांगून ठेवले आहे. लीलावतीच्या विवाहाविषयी मात्र त्यांनी अवाक्षर काढलेले नाही. ग्रंथातील उदाहरणांत कोठे 'बाले' असे संबोधन आहे, तर कोठे 'सखे', म्हणजे 'हे मित्रा', असे आहे. विवाहाची कथा आढळते ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. मूळ ग्रंथ आणि ती कथा यांच्यामध्ये सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ लोटलेला आहे.

एवढेच असते तर माझ्या लेखातील एक सुंदर गोष्ट गेली आणि हाती शून्य आले, असे झाले असते. पण तसे झाले नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथील शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांचे लक्ष वेधले व १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचा उपयोग केला. लेख शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला, आणि त्या प्रदेशाचा निकुंभ वंशातील अधिपती सोइदेव याने त्या मठास दान दिले. शिलालेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण मठास कोणते उत्पन्न मिळावयाचे हा व्यवहाराचा भाग आला, तेव्हा लेखकाने तेव्हाच्या मराठीचा अवलंब केला आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठास द्यावे, असेही त्यात एक कलम आहे.

आता वाचकानेच निवाडा करावा. पाण्यात पडलेला मोती अधिक सुंदर, की गणिताच्या पाठशाळेसाठी दर घाण्यामागे मिळणारे ते पळीभर तेल? एका गणितज्ञाच्या ग्रंथांची शिकवण चालू राहावी म्हणून आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील एका गावाने तेल दिले, आणि ती गोष्ट दगडावर आपल्या भाषेत कोरलेली आहे. जी कथा मी रंगविली होती तिच्यात ज्ञान हे एका पित्याच्या दुःखाचे सांत्वन होते. शिलालेखात ते गावाचे काम आहे. खोट्या चमत्काराने खऱ्या चमत्काराची जागा अडविली होती, आणि ती मीच अडविली होती. तो लेख मी पुन्हा लिहिला. येथे हेही नमूद करतो की, शिलालेखाला मोत्यापेक्षा अर्धे पान कमीच लागले.

हे शेवटचे विधान मुद्दाम केले आहे. कारण ज्ञानलेखाच्या बाजूने नेहमी एक सबब पुढे केली जाते ती जागेची. संपादक हजार शब्द देतात. त्यात पुरावे, मतभेद, शंका यांना वाव कोठून मिळणार? मी नम्रपणे म्हणतो की, पुरावा हा लेखावरचा बोजा नाही. तोच लेखातील कथा असतो. 'कसे कळले' हे सांगू लागताच लेखात माणसे येतात, घाणे येतात, दगड येतात. 'काय कळले' एवढेच सांगणाऱ्या लेखालाच विशेषणांची भर घालावी लागते, आणि विशेषणे फार जागा खातात.

दुसरी सबब वाचकाच्या श्रद्धेची. थोर व्यक्तींच्या चरित्रात अप्रिय गोष्टी आल्या तर वाचकाचा आदर उणावेल, असे सांगण्यात येते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्यावरील चार पानांचे लेख आपण सर्वांनी वाचले आहेत. लहान वयातील विवाह, शिकण्यासाठी पतीचा आग्रह, दहा दिवसांत दगावलेले मूल, परदेशगमन, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास मृत्यू. सर्व खरे आहे. परंतु या लेखांत गोपाळराव आदर्श पती ठरतात आणि आनंदीबाई त्यांच्या हातातील मेणाची मूर्ती ठरतात. आनंदीबाईंची पत्रे उपलब्ध आहेत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले तेही त्या पत्रांच्या आधारे. लहानपणी पतीकडून झालेल्या मारझोडीचा उल्लेख आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात केलेला आहे. ज्या माणसाने शिकविले त्यालाच, शिक्षणाने आलेल्या धैर्याने, त्याच्या वागण्याचा जाब विचारणारी ही मुलगी आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे, बंगाल्यात, भरसभेत उभे राहून आपण अमेरिकेस का जातो याची कारणे इंग्रजीत सांगणारीही तीच. हे गाळले तर आदर वाढतो की घटतो? माझ्या मते गाळल्याने मूर्ती मोठी होते आणि माणूस नाहीसा होतो. एका पत्राचा उल्लेख करण्यास तीन ओळी पुरतात. त्या तीन ओळी नसतील तर उरलेली चार पाने, त्यातील एकही शब्द खोटा नसताना, खरी ठरत नाहीत.

हे सर्व लिहीत असताना माझ्या मनात माझ्याच घराभोवतालचा परिसर आहे. मी सदरला राहतो. येथून काटोल रस्त्याने वायव्येस निघाले की गिट्टीखदान लागते. नावावरूनच कळावे की तेथे काळा दगड फोडून गिट्टी काढीत. त्याच बाजूस टाकळी. सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप महाविद्यालय नागपुरात सर्वांस माहीत आहे. पण हिस्लॉप कोण, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'कोणी पाद्री' एवढेच उत्तर देतात. ते उत्तर चुकीचे नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रचार व शाळा हे त्यांचे नेमलेले काम. पण फिरता फिरता ते दगड उचलून पाहात. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासच्या खडकांचा अभ्यास केला, आणि त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात छापला गेला. टाकळी परिसरातील खडकांतून त्यांनी गोड्या पाण्यातील शंख, मासे, कीटक, फळे व बिया यांचे जीवाश्म जमविले. एका खनिजास त्यांच्या नावावरून हिस्लॉपाइट म्हणतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना शेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

एवढ्यावर थांबणारा लेख लिहिता येईल, आणि तो वाचनीयही होईल. पण खरी गोष्ट अजून सांगावयाचीच आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड हा ज्वालामुखीच्या तप्त रसापासून झालेला आहे. त्या रसात गोगलगाय जगू शकत नाही. मग काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख आले कोठून? याचा उलगडा एकट्या हिस्लॉप यांनी एका दिवसात केला असे नाही. पुढच्या अभ्यासकांनी तो हळूहळू केला. एक रस वाहून गेला, थंड झाला. त्यावर पाणी साचून तळी झाली. तळ्यांत शंख व मासे वाढले, काठाला झाडे आली, त्यांची फळे चिखलात पडली. आणि मग दुसरा रस येऊन या सर्वांवर पसरला. म्हणजे दख्खनचा हा प्रचंड पाषाण एका दमात झालेला नाही. मध्ये उसंत होती, आणि त्या उसंतीत जीवसृष्टी नांदली. आजच्या मापनानुसार ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. हे वाचून झाल्यावर सदरच्या मुलाने आपल्या घराच्या पायातील दगडाकडे पुन्हा एकदा पाहिले, तर लेखाचे काम झाले. त्याला हिस्लॉप यांची जन्मतिथी विसरली तरी चालेल.

ज्ञानलेखाची कसोटी माझ्या मते हीच आहे. लेख वाचून वाचकाच्या माहितीत किती भर पडली हे मोजू नये. ती परीक्षेनंतर ओसरते. लेख संपल्यावर वाचकाला 'हे कसे कळले' असा प्रश्न दुसऱ्या एखाद्या लेखाला विचारण्याचे बळ आले की नाही, ते पाहावे. ज्या समाजात बहुसंख्य लोक चार पानांपलीकडे जात नाहीत, त्या समाजाचा विवेक त्या चार पानांवरच पोसला जातो. तेथे जर आपण नुसते तयार निकाल देत राहिलो, तर उद्या खोटा निकाल घेऊन येणाऱ्या माणसासही तो तितक्याच मुकाट्याने मान देईल. खरे आणि खोटे यांतील भेद ओळखण्याचे साधन आपणच त्याच्या हाती दिलेले नसेल. मोबाइलवरून रोज फिरणाऱ्या बनावट इतिहासाविषयी आपण तक्रार करतो. त्या इतिहासाला वाचक आम्ही लेखकांनीच तयार करून दिला आहे, हे कबूल करावयास मात्र आपण तयार नसतो.

मराठीत या प्रकारास अनुकूल काळ पुष्कळदा आला आहे. १९२८ साली पुण्यास 'सृष्टिज्ञान' निघाले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू झाले. लिहिणारे होते, वाचणारेही होते. आजही आहेत. कमतरता आहे ती समीक्षेची. कादंबरीतील एका पात्राचे मनोविश्लेषण करण्यास आपण वीस पाने देतो. मुलाच्या हातातील चार पाने खरी आहेत की नाहीत, हे पाहण्यास कोणी बसत नाही. ओकांच्या ४०२ चरित्रांची अशी एकवार साक्षेपाने पाहणी व्हावी : कोणाची निवड झाली, कोण वगळले गेले, कोठे पुरावा दिला, कोठे केवळ बोध केला. आणि ती पाहणी करणाराने, माझ्याप्रमाणे, आपल्या स्वतःच्या जुन्या लेखापासून प्रारंभ करावा. त्या विद्यार्थिनीने पुढे कोणता विषय घेतला हे मला ठाऊक नाही. तिचा प्रश्न मात्र मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो.